कराची ते जुहू : जेआरडींनी तीनदा कापलेले अंतर

मुंबई आणि कराची या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. मुंबई-नागपूर या हवाई अंतरापेक्षा ते जेमतेम दोनशे किलोमीटरने अधिक भरते. आजच्या जेट विमानाला यासाठी दीड तास पुरावा. परंतु मुंबईकराला आज कराचीस जावयाचे झाल्यास थेट विमान नाही. दुबईसारख्या आखातातील एखाद्या शहराचा वळसा घ्यावा लागतो. मुंबई ते दुबई साधारण १९०० किलोमीटर आणि तेथून मागे फिरून कराचीपर्यंत आणखी सुमारे १२०० किलोमीटर. म्हणजे ८८० किलोमीटरच्या प्रवासासाठी तीन हजारांहून अधिक किलोमीटर उडायचे, शिवाय मधल्या विमानतळावरची प्रतीक्षा वेगळीच. इतक्या अवधीत १९३२ सालचे एक लाकूड-कापडाच्या जमान्यातले चिमुकले विमान कराचीहून निघून, वाटेत अहमदाबादला थांबून, जुहूला केव्हाच उतरले होते. ते चालविणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या वैमानिकाचे नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. उद्योगपती म्हणून जेआरडींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र पोलाद, मोटारी आणि रसायनांचा तो पसारा बाजूला ठेवून केवळ या एका हवाई मार्गावरून त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, तरी या माणसाचे बरेचसे अंतरंग हाती लागते.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेटजींचे आप्त आणि व्यवसायातील भागीदार. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच. विवाहानंतर टाटा कुटुंबात त्या सूनी या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो या गावी टाटांचे सुटीतील घर होते आणि शेजार होता लुई ब्लेरिओ यांचा. जुलै १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा जगातील पहिला माणूस तो हाच. सुमारे अडतीस किलोमीटरचे ते अंतर त्याने चाळीस मिनिटांच्या आत कापले आणि युरोपभर त्याचा जयजयकार झाला. त्या किनाऱ्याच्या वाळूवर विमाने उतरताना पाहत हा मुलगा वाढला. पंधराव्या वर्षी पैसे मोजून त्याने विमानातून पहिली चक्कर मारली आणि त्या दिवसापासून वैमानिक होण्याचा ध्यास त्याने सोडला नाही.

बालपणाची ही वर्षे सुखाची असली तरी स्थिर नव्हती. कधी पॅरिस, कधी मुंबई, मध्ये काही काळ जपान, अशी शाळा आणि घरे बदलत राहिली. १९२३ मध्ये आई गेली, १९२६ मध्ये वडील. फ्रेंच सैन्यातील एका वर्षाची सक्तीची सेवा आटोपून जेआरडी भारतात आले तेव्हा केंब्रिजला जाऊन शिकण्याची त्यांची इच्छा होती. ती अपुरीच राहिली. बाविसाव्या वर्षी थोरला मुलगा म्हणून भावंडांचा भार त्यांच्यावर पडला आणि टाटा सन्सच्या संचालक मंडळावरील वडिलांची जागाही त्यांच्याकडे आली. विद्यापीठाचे शिक्षण न झाल्याची खंत त्यांना पुढे आयुष्यभर वाटत असे.

जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर मात्र हा तरुण एकदम खुलला. चार तासांहूनही कमी प्रशिक्षणानंतर त्यांनी एकट्याने विमान उडविले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांच्या हाती पडला. त्यावर क्रमांक होता एक. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

त्याच सुमारास आगाखान यांनी पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एका महिन्याच्या आत एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास ते मिळणार होते. १९३० च्या मे महिन्यात जेआरडी कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा किशोरवयीन पारशी मुलगा लंडनहून कराचीकडे निघाला होता. इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाचे प्लग निकामी होऊन तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी कराचीस आधी पोहोचला आणि पारितोषिक त्याला मिळाले. जेआरडी मागे पडले, पण अगदी थोडक्यात. या घटनेला औदार्याची कथा म्हणून सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु त्या काळातील वैमानिकांच्या दृष्टीने यात विशेष काही नसावे. वाळवंटातील धावपट्टीवर अडकलेल्या माणसाला मदत नाकारायची तर पुढच्या मुक्कामी आपल्याला ती कोण देणार? हा अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, एवढे मात्र येथे नोंदवायला हवे.

लंडन ते कराची हे हवाई टपाल ब्रिटिशांच्या इम्पीरिअल एअरवेजने १९२९ मध्येच सुरू केले होते. लंडनमध्ये पेटीत टाकलेले पत्र आठवडाभरात कराचीला येई. अडचण त्यापुढे होती. कराचीहून मुंबई आणि मद्रासकडे जाणाऱ्या पत्रांना पुन्हा आगगाडीच्या वेगाने प्रवास करावा लागे. हजारो मैल उडत आलेले पत्र शेवटच्या टप्प्यात रेंगाळावे, ही विसंगती नेव्हिल विन्सेंट या माणसाच्या नजरेत भरली. विन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक. विमानांची प्रात्यक्षिके करीत ते भारतात आले होते. कराची-मुंबई-मद्रास अशा टपालसेवेची योजना त्यांनी जेआरडींपुढे मांडली. जेआरडींना ती पटली. टाटा समूहाचे तेव्हाचे अध्यक्ष सर दोराबजी यांची अनुकूलता मात्र नव्हती. त्यांचे मन वळविण्याचे काम जॉन पीटरसन यांनी केले. हे पीटरसन जेआरडींचे टाटांमधील गुरू आणि वरिष्ठ सहकारी. खर्च दोन लाख रुपयांचा होता. दोराबजींनी होकार दिला, पण ती सेवा पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. जून १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

सरकारचा होकार मिळविण्यास त्याहून अधिक काळ लागला. १९२९ मध्ये दिलेला प्रस्ताव सरकारी दप्तरांत तीन वर्षे फिरत राहिला. अखेरीस एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. त्यात सरकारी अनुदान नव्हते. जेवढे टपाल नेले जाईल तेवढ्या वजनाचे पैसे मिळणार होते. कराचीहून मद्रासला पत्र काही तासांत जाणे शक्य आहे, हे सिद्ध करण्यासाठी तीन वर्षे खर्ची पडावीत, यातील विनोद जेआरडींनी पुढील आयुष्यात वेगवेगळ्या सरकारांच्या काळात पुन्हा पुन्हा अनुभवला.

सेवेचा आरंभ सप्टेंबरमध्ये व्हावयाचा होता. पावसाने जुहूचे मैदान चिखलमय झाल्याने तो महिनाभर पुढे गेला. जुहूची तेव्हाची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची साधी मोकळी जमीन. भरतीच्या पातळीहून खाली असलेली. पावसाळ्यात तेथे विमान उतरविणे अशक्य होई आणि मग ते चार महिने टाटांचे विमान, वैमानिक आणि यंत्रज्ञ सारे बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर जात. पुणेकरांना येरवड्याची ही ओळख क्वचितच ठाऊक असेल.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडींनी पस मॉथ जातीचे विमान हवेत नेले. एका इंजिनाचे, वैमानिकाखेरीज फार तर दोघांना सामावून घेणारे हे विमान ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने चाले. त्यात रेडिओ नव्हता. वाट दाखविणारी जमिनीवरील यंत्रणाही नव्हती. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारे नदी-नाले, लोहमार्ग व किनारा हेच मार्गदर्शक. अहमदाबादला इंधन घेण्यासाठी उतरावे लागले. ते इंधन पत्र्याच्या डब्यांतून बैलगाडीने आणलेले होते. विसाव्या शतकातील सर्वांत वेगवान वाहनाची भूक सर्वांत संथ वाहनाने भागवावी, हे दृश्य केवळ भारतातच दिसू शकत होते. तेथून दक्षिणेकडे वळून जेआरडी दुपारी दोनच्या आत जुहूला पोहोचले. विन्सेंट तेथे दुसरे पस मॉथ घेऊन सज्ज होते. मद्रासची थैली त्यांनी घेतली आणि बळ्ळारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ते मद्रासला उतरले.

येथे थोडा हिशेब मांडला तर तो वाचकांना रंजक वाटेल. कराची ते मुंबई सरळ रेषा ८८० किलोमीटरची असली तरी अहमदाबादमार्गे हे अंतर सुमारे १०४० किलोमीटर होते. ताशी १६० च्या वेगाने त्याला साडेसहा तास लागतात. अहमदाबादचा थांबा धरला की सकाळी साडेसहा ते दुपारी दोन हा काळ जुळतो. म्हणजे वारा, ढग किंवा वाट चुकणे यांत जेआरडींनी जवळजवळ काहीच वेळ दवडला नव्हता. आजच्या वेळापत्रकात मात्र असा सरळ भागाकार जमत नाही. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जात असले तरी ८८० किलोमीटरला तासाभराऐवजी दीड तासाहून अधिक वेळ छापला जातो. कारण दारे बंद झाल्यापासूनची मिनिटे त्यात मोजलेली असतात. धावपट्टीपर्यंत सरपटणे, रांगेत थांबणे, उंची गाठणे आणि उतरण्यापूर्वी मुंबईवर घिरट्या घालणे या साऱ्यांचा त्यात समावेश असतो. जेआरडींच्या वेळी मुंबईचे आकाश अगदी रिकामे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या दिवशी जेआरडींनी कोणतीही सीमा ओलांडली नाही. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो स्वतंत्र प्रांत झाला १९३६ मध्ये. कराची आणि मुंबई या दोन्ही शहरांचा गव्हर्नर एकच, न्यायालये आणि टपालखाते यांचा कारभारही एकाच राज्ययंत्रणेचा. या दोन बंदरांत व्यापार करणारी पारशी, गुजराती, सिंधी आणि मराठी कुटुंबे दोन्हीकडे घरे राखून होती. या मार्गाला परदेशी म्हणण्याची कल्पनाही १९३२ मध्ये कोणाच्या मनात आली नसती.

टाटा एअरलाइन्सचे पहिले पूर्ण वर्ष होते १९३३. त्या वर्षी तिने एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले, दहा टनांहून थोडे अधिक टपाल वाहिले आणि १५५ प्रवासी नेले. हे प्रवासी बहुधा टपालाच्या थैल्यांवर बसून जात. एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशी या सेवेने वेळेचे जे गणित सांभाळले त्याची वाखाणणी खुद्द सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने केली. वेळ पाळणे हा जेआरडींच्या स्वभावाचाच भाग होता. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले, तरी विमानकंपनीवरील त्यांची नजर कधी ढळली नाही. त्यांचा सोबती विन्सेंट मात्र १९४२ मध्ये युद्धकाळातील विमानप्रवासात नाहीसा झाला.

युद्धानंतर १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे एअर इंडिया झाले. फाळणीनंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला गेले. प्रवासी पस्तीस. १९३० मध्ये जो टप्पा जेआरडींनी एकट्याने दिवसचे दिवस उडून पार केला होता, तो आता एका दिवसाच्या आसपास आला होता. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि ते अंतर तासांच्या हिशेबात बसले. या साऱ्या काळात जेआरडी प्रवासी म्हणून आपल्याच विमानात बसत आणि वही काढत. पडद्यांचा रंग, प्रसाधनगृहाची स्वच्छता, चहा आणि कॉफी यांच्या रंगातील नसलेला फरक, खुर्चीचा कोन, काहीही त्यांच्या नोंदीतून सुटत नसे. अधिकाऱ्यांना या चिठ्ठ्यांचा धाक वाटे.

वेगाची हौस असलेल्या या माणसाने एका वेगवान योजनेस विरोधही केला, हे फारसे सांगितले जात नाही. १९४९ मध्ये दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. टपालाच्या दृष्टीने नागपूर काही वर्षे भारताचे केंद्र बनले. जेआरडींना ही घाई वाटली. रात्रीच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या सोयी मार्गावर पुरेशा नव्हत्या आणि खर्चाचा मेळ बसत नव्हता, अशी त्यांची भूमिका होती. या वादात इतिहासाने त्यांची बाजू घेतली असे म्हणता येणार नाही. नागपूरची सेवा पुष्कळ वर्षे चालली आणि लोकप्रियही ठरली. परंतु आपल्या हिशेबात न बसणारा वेग ते नाकारीत, हे त्यातून दिसते.

१९५३ मध्ये सरकारने सर्व विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींना ते पसंत नव्हते. निर्णय घेण्यापूर्वी आपल्याशी नीट सल्लामसलत झाली नाही, याचे दुःख त्यांना अधिक होते. तरीही नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढील पंचवीस वर्षे ते सांभाळले. स्वतः उभारलेली कंपनी सरकारने घ्यावी आणि ती चालविण्याची जबाबदारी आपल्यावरच राहावी, अशी ही विचित्र अवस्था होती. त्यांनी ती तक्रारीविना पार पाडली असे नव्हे. तक्रारी पुष्कळ केल्या, पण काम सोडले नाही.

काम सुटले ते निराळ्या रीतीने. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जम्बो विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई यांच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना आधी कळली ती त्यांच्या जागी नेमले गेलेले माजी हवाईदलप्रमुख पी. सी. लाल यांच्याकडून. पंतप्रधानांचे पत्र नंतर आले. सेहेचाळीस वर्षांच्या संबंधाचा शेवट इतक्या कोरड्या रीतीने व्हावा, याची जखम त्यांनी बोलून दाखविली नसती तरी कळली असती. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले. अध्यक्षपद मात्र पुन्हा मिळाले नाही.

या काळात कराचीकडे जाणाऱ्या वाटेचे काय झाले होते? ऑक्टोबर १९६२ मध्ये, पहिल्या उड्डाणास तीस वर्षे झाली त्या निमित्ताने, जेआरडींनी लेपर्ड मॉथ हे तशाच जातीचे जुने विमान घेऊन कराची-अहमदाबाद-मुंबई हा प्रवास दुसऱ्यांदा केला. आता कराची परक्या देशात होती. त्याच महिन्यात चीनने आक्रमण केले आणि या उड्डाणाचे कौतुक मागे पडले. पुढे १९६५ चे युद्ध झाले. १९७१ मध्ये दोन्ही देशांमधले आकाश बंद झाले ते १९७६ पर्यंत. तो वळसा विमानांनाही पडला आणि माणसांनाही.

१९८२ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होत होती. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. या वयात एक इंजिनाचे, जवळजवळ अर्धशतक जुने विमान घेऊन एकट्याने समुद्रकिनारा आणि कच्छचे रण ओलांडण्याची कल्पना घरच्यांना आणि सहकाऱ्यांना किती रुचली असेल याची कल्पना करता येते. ते बधले नाहीत. सुस्थितीत आणलेले लेपर्ड मॉथ सिद्ध झाले, पाकिस्तानची अनुमती मिळाली आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी कराचीहून त्यांनी तिसऱ्यांदा उड्डाण केले. अहमदाबादला उतरून ते जुहूला आले. जुहूची धावपट्टी आता पक्की होती आणि भोवती इमारती उठल्या होत्या. अहमदाबादला बैलगाडीची आवश्यकता राहिली नव्हती. विमानाचा वेग मात्र तोच होता, पन्नास वर्षांपूर्वीचा. जेटच्या जमान्यात या मार्गाला पुन्हा अर्धा दिवस लागला. तरुण पिढीत साहसाची आवड निर्माण व्हावी हा या उड्डाणामागचा हेतू असल्याचे त्यांनी सांगितले होते. स्वतःला पुन्हा एकदा तो आनंद घ्यायचा होता, हे सांगण्याची गरज नव्हती.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. उद्योगपतीला, तेही हयातीत, हा सन्मान मिळण्याचे उदाहरण त्यापूर्वी नव्हते. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर १९९३ रोजी, जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. मलबार प्रिन्सेसने १९४८ मध्ये लंडनच्या वाटेवर जेथे थांबा घेतला होता, तेच हे शहर. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानकंपन्यांना आपले आकाश बंद केले. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणारी एअर इंडियाची विमाने पाकिस्तानला वळसा घालून जाऊ लागली, त्यांचा वेळ आणि इंधन वाढले. त्या बंद आकाशाखाली कराचीचा तोच ड्रिग रोड आहे, जेथून सकाळी साडेसहाला निघालेली पत्रे दुपारी जुहूला पोहोचली होती.